डीजेसाठी पेन ड्राइव्ह घेताना नेमकं काय बघायचं?

तुळशीची लग्नं लागली की नाशिकमधल्या लॉन्सच्या तारखा भरायला लागतात. त्याआधी गणपती आणि नवरात्र होऊन गेलेलं असतं. हळद असो, वरात असो की मंडळाची मिरवणूक, स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर, मिक्सर आणि लाइट अशा सगळ्या महागड्या यंत्रणेला गाणी पुरवतो तो एक छोटासा पेन ड्राइव्ह. आणि ऐन वेळी दगा देतो तोही बहुतेकदा तोच. “मशीन ड्राइव्ह घेत नाही”, “फोल्डर दिसतात, गाणी दिसत नाहीत”, “घरी लॅपटॉपवर चालत होता, इथे हँग होतोय” ही वाक्यं दर सीझनला कानावर येतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे उघड्यावरचे लाउडस्पीकर रात्री १० वाजता बंद करावे लागतात. त्यामुळे पावणेदहाला ड्राइव्ह अडला, तर तो कार्यक्रम तिथेच संपल्यात जमा असतो.

दुकानात उभं राहिलं की गोंधळ आणखी वाढतो. क्षमता एकच, पण किमती तीन. कुठे यूएसबी ‘३.०’ लिहिलेलं, कुठे ‘३.२’, कुठे सेकंदाला अमुक एमबी. बहुतेक जण मोठा आकडा बघून पैसे देतात. माझं मत वेगळं आहे आणि ते आधीच सांगतो: डीजेच्या ड्राइव्हसाठी पाकिटावरचा वेग ही सगळ्यात शेवटी बघायची गोष्ट आहे. आधी मशीनला काय वाचता येतं ते बघा. मग माल अस्सल आहे का, मग त्याची बांधणी. आणि एकाच्या जागी दोन घ्या.

तुमचं मशीन ड्राइव्ह वाचतं तरी का?

हा प्रश्न बाळबोध वाटेल, पण निम्मा गोंधळ इथेच असतो. डीजेची यंत्रं ढोबळमानाने तीन प्रकारची असतात.

पहिला प्रकार म्हणजे लॅपटॉपला जोडायचा कंट्रोलर. पायोनियरचा डीडीजे-एफएलएक्स४ त्यातलाच. यात गाणी लॅपटॉपमधून वाजतात, कंट्रोलर फक्त बटणं आणि जॉग व्हील (हाताने फिरवायची चकती) पुरवतो. इथे पेन ड्राइव्ह लागलाच तर गाणी लॅपटॉपमध्ये आणण्यापुरता, आणि त्यासाठी कुठलाही चालतो.

दुसरा प्रकार लॅपटॉपशिवाय चालणाऱ्या प्लेयरचा: क्लबमध्ये दिसणारे सीडीजे, किंवा गाणी वाजवणारे दोन डेक आणि मिक्सर एकत्र असलेले एक्सडीजे-आरएक्ससारखे सेट. २००९ मध्ये सीडीजे-२००० आला. पायोनियरच्या रेकॉर्डबॉक्स सॉफ्टवेअरमध्ये घरी गाणी तयार करायची, ड्राइव्हवर घ्यायची आणि फक्त ड्राइव्ह खिशात घालून निघायचं, ही पद्धत त्यानंतर रुळली. २०२० च्या सीडीजे-३००० मध्ये तर सीडीचा खाचाच उरला नाही. इथे ड्राइव्ह म्हणजे तुमचा सगळा संसार असतो.

तिसरा प्रकार आपल्याकडे सगळ्यात जास्त: यूएसबीचं भोक असलेला साधा मिक्सर, अ‍ॅम्प्लिफायर किंवा पॉवर्ड स्पीकर. त्यातला प्लेयर अगदी प्राथमिक असतो आणि म्हणूनच सगळ्यात हट्टी असतो.

पुढचं सगळं दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारासाठी आहे.

ड्राइव्हच्या आत काय असतं?

लासलगावच्या एखाद्या कांदा व्यापाऱ्याचं गोदाम डोळ्यांसमोर आणा. आत थप्प्या लागलेल्या आहेत, गोण्या आत-बाहेर करायला हमाल आहे आणि दाराशी मुनीम वही घेऊन बसलेला आहे. कुठली गोणी कुठल्या थप्पीत, हे वहीत लिहिलेलं असतं.

पेन ड्राइव्हमध्ये थप्प्यांची जागा फ्लॅश मेमरीची चिप घेते. वीज बंद झाली तरी तिच्यातली माहिती टिकते. हमालाचं काम कंट्रोलर नावाची दुसरी छोटी चिप करते. आणि वही म्हणजे फाइल सिस्टीम. आपण ‘फॉरमॅट’ करतो तेव्हा ही वही नव्याने आखली जाते.

पुढचे सगळे घोळ या तिघांपैकी कुणाचे तरी असतात. वही मशीनला वाचता येत नाही, हमाल सुस्त किंवा खोटारडा आहे, किंवा गोदामच जुनं झालंय.

वही कुठल्या लिपीत लिहिलीय?

डीजेच्या दृष्टीने चार फाइल सिस्टीम माहीत असल्या की पुरे: फॅट३२, एक्सफॅट, एनटीएफएस आणि अ‍ॅपलची एचएफएस प्लस.

फॅट३२ जुनी आणि सगळीकडे चालणारी. गावच्या मंडपातला मिक्सर असो की क्लबमधला सीडीजे, फॅट३२ वाचतोच. एनटीएफएस विंडोजची घरची. सीडीजे ती वाचत नाहीत आणि साध्या मिक्सरनी ती वाचली तर नशीब समजा. एचएफएस प्लस पायोनियरचे प्लेयर वाचतात, साधे मिक्सर नाही. मॅकची आजची नवी फाइल सिस्टीम मात्र वेगळी आहे, ती जुने प्लेयर ओळखत नाहीत. एक्सफॅट मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आणली. हल्ली बाजारात ६४ जीबी आणि त्याहून मोठे ड्राइव्ह बहुधा एक्सफॅटमध्येच मिळतात, आणि घोटाळा नेमका इथे होतो. नव्या पिढीतले काही प्लेयर एक्सफॅट वाचतात. सीडीजे-२००० आणि त्याच्या नेक्सस भावंडांना (त्याच मालिकेतल्या नंतरच्या मॉडेलना) ती वाचता येत नाही. ड्राइव्ह चांगला, गाणी चांगली, लॅपटॉपवर सगळं व्यवस्थित दिसतं आणि मशीन मात्र ढिम्म.

म्हणून नवा ड्राइव्ह आणला की पहिलं काम: फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत वर्षानुवर्षं ३२ जीबीपेक्षा मोठ्या ड्राइव्हला फॅट३२ चा पर्याय दिसत नाही. त्यामुळे “मोठा ड्राइव्ह फॅट३२ होतच नाही” असा समज पसरला आहे. तो खरा नाही. मर्यादा त्या खिडकीची आहे, फाइल सिस्टीमची नाही. रुफससारख्या मोफत सॉफ्टवेअरने ६४ किंवा १२८ जीबीचा ड्राइव्हही फॅट३२ होतो. मॅकवर डिस्क युटिलिटीमध्ये ‘एमएस-डॉस (फॅट)’ निवडायचं आणि त्याच्याजवळच्या ‘स्कीम’मध्ये ‘मास्टर बूट रेकॉर्ड’. हे दुसरं बरेच जण विसरतात. दुसरी स्कीम राहिली तर फॉरमॅट बरोबर असूनही जुना प्लेयर ड्राइव्ह उघडत नाही.

“पण फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही ना?” बसत नाही, खरं आहे. पण सीडीच्या दर्जाची वेव्ह फाइल ४ जीबीची व्हायला साडेसहा तासांहून लांब गाणं लागेल. ही अडचण एलईडी भिंतीवर व्हिडिओ दाखवणाऱ्यांची आहे, गाणी वाजवणाऱ्यांची नाही.

पाकिटावरच्या वेगाचा उपयोग काय?

थोडा हिशेब करू. चांगल्या दर्जाची एमपी३ फाइल ३२० केबीपीएसची, म्हणजे सेकंदाला ३२० किलोबिटची असते. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे वाजताना तिला सेकंदाला फक्त ४० किलोबाइट लागतात. कॉम्प्रेस न केलेल्या वेव्ह फाइलला साधारण १७६ किलोबाइट. जुना, स्वस्त यूएसबी २.० ड्राइव्हसुद्धा सेकंदाला १५-२० एमबी वाचून देतो, म्हणजे गरजेच्या शंभरपट. गाणं अडखळतंय म्हणून ‘जास्त स्पीडचा’ ड्राइव्ह आणणाऱ्याचं दुखणं बहुतेकदा दुसरीकडे असतं.

शिवाय मशीनचं पोर्टच यूएसबी २.० असेल, तर ३.२ चा ड्राइव्ह तिथे २.० च्याच वेगाने चालतो. तो चालतो मात्र नक्की. यूएसबी ३ चं निळं पोर्ट हवंच असं काही नाही.

मग वेग कुठे कामाला येतो? दोन ठिकाणी. एक, लॅपटॉपवरून गाणी टाकताना. पाकिटावर छापलेला आकडा वाचण्याचा असतो. लिहिण्याचा वेग बहुतेक पाकिटांवर नसतोच आणि तो फार कमी असतो. सेकंदाला ६ एमबी लिहिणाऱ्या ड्राइव्हवर ३० जीबी गाणी टाकायला जवळजवळ दीड तास जातो. ६० एमबी लिहिणाऱ्यावर आठ-नऊ मिनिटं. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी नवरीच्या भावाने गाण्यांची नवी यादी पाठवली की हा फरक पैसे वसूल करून देतो.

दुसरं, सीडीजेसारख्या प्लेयरवर यादी चाळताना. एक लांब फाइल सरळ वाचणं ड्राइव्हला सोपं जातं. हजारो बारीक नोंदी इकडून तिकडून गोळा करणं अवघड. रेकॉर्डबॉक्समधून निर्यात केलेल्या ड्राइव्हवर प्रत्येक गाण्याचा बीपीएम (मिनिटाला किती ठोके), आवाजाच्या लाटांचं चित्र, कव्हरचा फोटो अशा खूप छोट्या नोंदी असतात. त्यात चार प्लेयर लॅन केबलने जोडून एकाच ड्राइव्हवरून वाजवत असाल, तर चौघांची मागणी त्या एका कंट्रोलरवर येऊन पडते. इथे सुस्त ड्राइव्ह जाणवतो.

किती जीबीचा घ्यायचा?

पाच मिनिटांचं ३२० केबीपीएस गाणं साधारण १२ एमबीचं. ३२ जीबीत अशी अडीच हजारांहून जास्त गाणी बसतात. लग्नाच्या कामाला एवढी खूप झाली. साध्या मिक्सरसाठी ३२ जीबीच घ्या. मोठा ड्राइव्ह घातला की असे प्लेयर यादी वाचायलाच वेळ लावतात, कधी अडकूनही बसतात. सीडीजे-एक्सडीजे वाल्यांना ६४ जीबी सोयीचा. वेव्ह फाइल वाजवणार असाल तर १२८, कारण तेच पाच मिनिटांचं गाणं तिथे ५३ एमबीचं होतं.

६४ जीबीचा ड्राइव्ह विंडोजवर ५९.६ दिसला तर फसवणूक झाली असं समजू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

खरी फसवणूक कशी असते?

गोदामाकडे परत येऊ. हमाल सांगतो, “पाचशे गोण्यांची जागा आहे.” प्रत्यक्षात पन्नासच मावतात. एक्कावन्नावी गोणी आली की हमाल जुनी बाहेर फेकतो आणि नवी तिथे ठेवतो, पण वहीत दोन्ही दिसत राहतात. नकली ड्राइव्ह नेमका असाच चालतो. आत ८ किंवा १६ जीबीची चिप, आणि कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं: “मी ५१२ जीबी आहे.” गाणी टाकताना कसलीच तक्रार येत नाही. नावं सगळी दिसतात. वाजवायला गेलात की अर्धी गाणी उघडत नाहीत.

यावर उपाय सोपा आणि फुकट आहे. विंडोजवर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ आणि मॅक किंवा लिनक्सवर ‘एफ३’ ही सॉफ्टवेअर ड्राइव्ह काठोकाठ भरतात आणि सगळं परत वाचून ताडून बघतात. ड्राइव्ह मोठा असेल तर दोन-तीन तास लागतात. रात्री लावून झोपा. नवा ड्राइव्ह या परीक्षेतून गेल्याशिवाय त्यावर एकही गाणं टाकू नका, मग तो एमजी रोडवरच्या ओळखीच्या दुकानातला असो की ऑनलाइन मागवलेला. दुकानदारही कधी कधी नकळत नकली माल विकत असतो. बिल घ्या म्हणजे दुसऱ्या दिवशी बदलून मागता येतो. आणि नावाजलेल्या कंपनीचा एक-दोन टीबीचा पेन ड्राइव्ह काही शे रुपयांत मिळत असेल, तर तो हातात घ्यायचीसुद्धा गरज नाही.

गुलाल, पाऊस आणि जनरेटर

परदेशातले सल्ले वाचले की ते वातानुकूलित क्लब गृहीत धरून लिहिलेले दिसतात. आपली मिरवणूक वाकडी बारवेपासून निघते ती भाद्रपदातल्या सरींमध्ये, गुलाल उधळत, ट्रॉलीवर हादरत. इथे बांधणीला फार महत्त्व आहे.

सरकवून बाहेर काढायचे किंवा गोल फिरणारे ड्राइव्ह टाळा. टोक उघडं राहतं, गुलालाचे बारीक कण आत बसतात आणि पुढे तेच कण मशीनच्या पोर्टमध्ये जातात. टोपणवाला, एकसंध बॉडीचा ड्राइव्ह बरा. फार लांब असेल तर कुणाचा हात लागून पोर्टच वाकतं. नखाएवढा असेल तर तापतो आणि अंधारात सापडत नाही. मध्यम लांबीचा घ्या. धातूची बॉडी हाताला गरम लागली तर घाबरू नका, आतली उष्णता बाहेर पडतेय. पण एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ड्राइव्ह ठेवू नका. फ्लॅश मेमरीला उष्णता मानवत नाही.

जनरेटरवर काम असेल तर आणखी एक काळजी. भार अचानक बदलला आणि मशीन बंद होऊन परत सुरू झालं, तर त्या क्षणी ड्राइव्हवर काही लिहिलं जात असू शकतं. आणि लिहिलं जातं! अनेकांना वाटतं प्लेयर फक्त वाचतो. सीडीजे ड्राइव्हवर वाजवलेल्या गाण्यांचा इतिहास, क्यू पॉइंट (गाणं कुठून सुरू करायचं याची खूण) अशा नोंदीही करतो. अर्धवट नोंद राहिली की वही फाटते, त्यालाच आपण ‘करप्ट’ म्हणतो. मशीनला छोटा यूपीएस जोडणं हा त्यावरचा चांगला खर्च आहे.

याच कारणाने ड्राइव्ह ओढून काढू नका. सीडीजेवर ‘यूएसबी स्टॉप’ बटण दाबून धरायचं, दिवा विझला की काढायचा. वाजत्या गाण्यात ड्राइव्ह निघाला तर नव्या प्लेयरवर छोटा तुकडा फिरत राहतो आणि आवाज थांबत नाही, पण ती सोय अपघातासाठी आहे.

“मग हार्ड डिस्क किंवा एसएसडीच का नको?”

फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क नको. तिला सुरू होताना जास्त वीज लागते आणि यूएसबी २.० पोर्ट नियमाप्रमाणे फक्त ५०० मिलिअँपिअर देतं. शिवाय ट्रॉलीवरचे हादरे आणि सब-वूफरचा थरथराट तिच्या जिवावर उठतो.

एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली, फ्लॅश मेमरीवर चालणारी डिस्क, मात्र उत्तम. तिचा कंट्रोलर हुशार असतो, झीज सगळ्या चिपवर सारखी वाटतो, बारीक नोंदी झटपट देतो. महिन्यातून अनेक कार्यक्रम असलेल्या सीडीजे वाल्याने छोटी एसएसडी घ्यावी असं मी म्हणेन. केबल मात्र आखूड ठेवा, लोंबणारी केबल सुटते. साध्या मिक्सरवर तिचा उपयोग नाही. बरेच मिक्सर ती ओळखतच नाहीत.

“सगळं बरोबर केलं, तरी काही गाणी वाजत नाहीत”

मग दोष ड्राइव्हचा नाही, फाइलचा आहे. फ्लॅक फाइल (दर्जा न घटवता लहान केलेली) सीडीजे-२०००नेक्सस२ पासून पुढे वाजते, आधीच्या मॉडेलवर ‘ई-८३०५’ असा संदेश येतो, म्हणजे हा फाइलचा प्रकार मला कळत नाही. साध्या मिक्सरला तर एमपी३ सोडून फारसं काही कळतच नाही. कुठल्या मशीनवर वाजवायला मिळेल याची खात्री नसेल, तर ३२० केबीपीएस एमपी३ घेऊन जा. ती सगळीकडे वाजते.

मॅकवरून गाणी टाकली असतील तर प्रत्येक गाण्याची एक ठिपक्याने सुरू होणारी लपलेली जोडफाइल ड्राइव्हवर येते. लॅपटॉपवर ती दिसत नाही, मिक्सर मात्र ती गाणं समजून वाजवू बघतो आणि मध्येच गप्प होतो. आणि क्रम चुकत असेल, १ नंतर १७ वाजत असेल, तर नावांत दोष शोधू नका. साधे प्लेयर बरेचदा नावाचा क्रम बघतच नाहीत, ज्या क्रमाने फाइल ड्राइव्हवर टाकल्या त्याच क्रमाने वाजवतात. ड्राइव्ह रिकामा करून गाणी हव्या त्या क्रमाने एकेक टाका, किंवा फॅट क्रमवार लावणारं छोटं सॉफ्टवेअर वापरा. मंगलाष्टकांनंतर लगेच सनईच हवी असेल, तर हे घरीच तपासून निघा.

“ऑनलाइन गाणी असताना ड्राइव्हची कटकट कशाला?”

कारण मंडपात हजार माणसं आणि हजार फोन असतात. नेटवर्क त्याच वेळी कोसळतं. ब्लूटूथवर फोन आला तर रिंगटोन स्पीकरवर वाजते. फोन हा तिसरा पर्याय म्हणून खिशात असू द्या. पहिले दोन पर्याय दोन ड्राइव्ह हवेत: शक्यतो वेगळ्या कंपन्यांचे, दोन्हींवर तीच गाणी, आणि दोन्ही त्याच मशीनवर लावून बघितलेले. एकाच दुकानातून एकाच पेटीतले दोन घेतले तर एकाचा दोष दुसऱ्यातही असू शकतो. मूळ संग्रह घरच्या लॅपटॉपवर किंवा हार्ड डिस्कवर हवाच. कंपनीची वॉरंटी नवा ड्राइव्ह देते, गाणी परत देत नाही.

ड्राइव्ह करप्ट झालाच तर

लॅपटॉपला लावल्यावर विंडोज विचारतं, “फॉरमॅट करायचा का?” घाईत ‘हो’ दाबू नका. दुसरा ड्राइव्ह लावा, कार्यक्रम पुढे न्या आणि पहिल्यावर तोवर काहीही लिहू नका. घरी आल्यावर आधी त्यावरच्या फाइल वाचता येतात का बघा, निघतील तेवढ्या काढून घ्या, मगच दुरुस्तीचं साधन चालवा. नुसती वही फाटली असेल तर गाणी बहुधा जशीच्या तशी मिळतात. ड्राइव्ह ‘राइट प्रोटेक्टेड’ असं सांगू लागला आणि त्यावर कुलपाचं बटण नसेल, तर चिपचं आयुष्य संपत आलंय. त्यावरची गाणी त्याच दिवशी उतरवून घ्या आणि तो ड्राइव्ह पुन्हा कार्यक्रमाला नेऊ नका.